अपूर्ण मंडळीत टिकून राहावे कसे

मुंबईतल्या कोणत्याही मराठी ख्रिस्ती मंडळीची (म्हणजे चर्चची) प्रकृती जाणून घ्यायची असेल, तर रविवारी उपासना संपल्यावर चहासाठी किती जण थांबतात ते पाहावे. शेवटच्या गीताचे शेवटचे कडवे चालू असतानाच जे पर्स आणि छत्री आवरू लागतात, त्यांपैकी काहींना मेगाब्लॉक सुरू होण्याआधीची गाडी खरोखरच पकडायची असते, कारण पूर्वी भायखळा, माझगाव, गिरगाव भागात पायी उपासनेला येणारी कुटुंबे आता कल्याण, विरार, पनवेलपर्यंत पांगली आहेत. काहींना मात्र बाहेरच्या पायरीवर एखाद्याशी होणारी नजरानजर टाळायची असते. हे दुसरे लोक हळूहळू दिसेनासे होतात. आधी महिन्यातला एखादा रविवार चुकतो, मग ते फक्त प्रभुभोजनाच्या (भाकर आणि प्याला वाटून घेण्याच्या संस्काराच्या) रविवारी येतात, मग नाताळ आणि ईस्टर, आणि शेवटी मंडळीच्या रजिस्टरात नाव तेवढे उरते.

हा मजकूर त्यांच्यासाठी आहे. मी स्वतः त्या वाटेने गेलो आणि अकरा महिन्यांनी परत आलो. माझी आई तीन आठवडे रुग्णालयात होती. रुग्णालय मंडळीपासून चालत दहा मिनिटांवर असूनही पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) किंवा कमिटीतले कोणी फिरकले नाही. त्यानंतरच्या वार्षिक सभेत मी हिशेबावरून बोलायला उभा राहिलो, पण आवाज चढला तो आईवरून, आणि एका वयोवृद्ध सभासदाला मी सर्वांसमक्ष लागेल असे बोललो. पुढच्या रविवारपासून मी उपनगरातल्या एका सभागृहात भरणाऱ्या नव्या मंडळीत जाऊ लागलो. तिथले संगीत उत्तम होते, वातानुकूलन होते, उपदेश वेळेत संपत असे. सातव्या महिन्यात माझ्या लक्षात आले की त्या सभागृहातले जवळजवळ सगळे जण माझ्याच वयाचे, माझ्यासारख्याच नोकऱ्यांतले आणि माझ्यासारखेच कुठून तरी रागावून आलेले आहेत. आमच्या जुन्या बाकावर बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, पालिकेच्या रुग्णालयातल्या परिचारिका, अहमदनगरहून (आता अहिल्यानगर) कामाच्या शोधात आलेला आणि चुलत्याकडे राहणारा मुलगा आणि ऐकू न येणाऱ्या एक आजी एका ओळीत बसत. त्यांच्यापैकी एकालाही मी निवडले नव्हते.

राहण्याच्या बाजूने माझ्याकडे जे सांगण्यासारखे आहे ते मुख्यतः एवढेच. आपण निवडलेली माणसे बहुधा आपल्यासारखी असतात. महाराष्ट्रातल्या मराठी मंडळ्या निरनिराळ्या जातींतून आणि गावांतून आलेल्या कुटुंबांच्या बनलेल्या आहेत, आणि लग्न जुळवायची वेळ आली की जुनी जात अजूनही दबक्या आवाजात विचारली जाते, हे आपण सगळे जाणतो. हा आपल्या मंडळ्यांचा मोठा दोष आहे. पण ज्यांना जे पटते ते तिकडे निघून गेले, तर हा दोष जाण्याऐवजी पक्का होईल, कारण मग प्रत्येक बाक एकाच प्रकारच्या माणसांचा होईल आणि विचारायची गरजही उरणार नाही.

येशूचा प्रेषित पौल याने इ.स. ५५ च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिले तेव्हा तिथली अवस्था आपल्या कोणत्याही मंडळीपेक्षा वाईट होती. कोणी म्हणत होते मी पौलाचा, कोणी अपुल्लोस या उपदेशकाचा, कोणी केफाचा म्हणजे पेत्राचा; भाऊ भावाला न्यायालयात खेचत होता; प्रभुभोजनाला काही जण आधीच पोटभर खाऊन आणि पिऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. तरीही पत्राच्या सुरुवातीला पौल त्यांना देवाची मंडळी म्हणतो आणि त्यानंतर एकेक दोष नाव घेऊन मांडतो. यातले दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. मंडळीत राहायचे म्हणजे दोषांवर पांघरूण घालायचे, असा समज करून घेतलेल्या माणसाने हे पत्र नीट वाचलेले नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे याकडे वळू.

तक्रार आधी कागदावर उतरवा

रागाच्या भरात सगळ्या तक्रारी एकाच वजनाच्या वाटतात. म्हणून एका संध्याकाळी वही घेऊन बसावे आणि जे जे खुपते ते लिहून काढावे. मी लिहिले तेव्हा माझ्या यादीत सतरा गोष्टी झाल्या. तिसऱ्या बाकावरचा पंखा कुरकुरतो, सूचना वाचायला पंधरा मिनिटे लागतात, कीबोर्ड वाजवणारा मुलगा प्रत्येक गीत एकाच चालीत ओढतो, त्याच घरातली माणसे वर्षानुवर्षे कमिटीवर येतात, छताच्या दुरुस्तीच्या निधीचा हिशेब दोन वर्षे मांडलेला नाही, आणि सर्वांत शेवटी, बारीक अक्षरात, आईला भेटायला कोणी आले नाही.

अशा यादीत सहसा तीन प्रकारच्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली केवळ आवडीनिवडीची: पंखा, सूचना, चाली. यांच्यासाठी मंडळी सोडणारा माणूस पुढच्या मंडळीतही पंखाच शोधेल. दुसरी दुखावले जाण्याची: कोणी आले नाही, कोणी बोलले, कोणी वगळले. तिसरी खरोखरच्या अपराधाची: पैशाचा गैरव्यवहार, खोटी शिकवण, दुर्बळांवर अत्याचार. पहिल्या प्रकारात सोसावे, दुसऱ्यात बोलावे, तिसऱ्यात कृती करावी. घोटाळा होतो तो असा की दुसऱ्या प्रकारचे दुःख आपण तिसऱ्या प्रकारच्या भाषेत मांडतो, कारण हिशेबाविषयी ओरडणे सोपे असते आणि आईला भेटायला या असे म्हणणे कठीण असते. वार्षिक सभेत माझे नेमके तेच झाले होते.

एक गोष्ट मात्र यादीत लिहिताना प्रामाणिकपणे तपासावी: आपण स्वतः कोणाला भेटायला गेलो होतो? मागच्या वर्षभरात मंडळीतल्या किती आजारी माणसांच्या घरी मी गेलो, हे मी मोजले. उत्तर एक होते, आणि तो माझा मेहुणा होता.

बोलण्याची रीत

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने क्रम घालून दिलेला आहे. भावाने अपराध केला तर आधी एकांतात त्याला सांगावे. त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्यावे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. हा क्रम आपल्याकडे बहुतेक वेळा नेमका उलटा पाळला जातो. आधी मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन ओळी पडतात, मग तीन-चार जण फोनवर बोलतात, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे त्याला ते सर्वांत शेवटी, तेही दुसऱ्याच्या तोंडून कळते. ग्रुपवर एकदा टाकलेला मजकूर काढून टाकला तरी तोपर्यंत चाळीस जणांनी तो वाचलेला असतो, आणि पुढच्या रविवारी समेट झाला तरी त्या चाळिसांना तो कळत नाही.

म्हणून काही बारीकसारीक पथ्ये पाळावीत. रविवारी उपासनेच्या आधी पाळकांकडे तक्रार मुळीच घेऊन जाऊ नये, कारण त्यांच्या डोक्यात उपदेश असतो. उपासनेनंतर दारात हस्तांदोलन करतानाही बोलू नये, कारण मागे रांग असते आणि तिचे कान उघडे असतात. अनेक पाळक सोमवारी सुट्टी घेतात. मंगळवार किंवा बुधवारची संध्याकाळ मागून घ्यावी, घरी जावे, पाणी प्यावे, प्रार्थना करावी आणि एकच गोष्ट बोलावी. “लोक असे म्हणतात” या शब्दांनी सुरुवात करू नये. लोकांना स्वतःचे तोंड आहे. काय झाले, कधी झाले, आपल्याला त्याने काय वाटले आणि आता काय व्हावे, एवढे सांगून गप्प बसावे. गप्प बसणे सर्वांत अवघड जाते.

मी परत आल्यावर असा गेलो. आई रुग्णालयात असल्याचा निरोप ज्याच्याकडे दिला होता त्याने तो पुढे पोचवलाच नव्हता, असे तेव्हा निघाले. पाळकसाहेबांनी क्षमा मागितली, आणि निरोप मिळाला असता तरी त्या आठवड्यात दोन प्रेतयात्रा असल्यामुळे उशीरच झाला असता, हेही त्यांनी सांगून टाकले. त्यातल्या दुसऱ्या वाक्याने माझे जास्त समाधान झाले.

समोरासमोर बोलून प्रत्येक वेळी समेट होतोच असे नाही. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा हे मार्क नावाच्या तरुणाला प्रवासात सोबत न्यावे की नाही यावरून इतके भांडले की त्यांनी वाटा वेगळ्या केल्या. पुढे त्याच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असे पौलाने आपला सोबती तीमथ्य याला लिहिले. मधली वर्षे कशी गेली याविषयी शास्त्र फारसे काही सांगत नाही. आपल्यालाही काही माणसांच्या बाबतीत अशी वर्षे न बोलता, पण न तोडता, काढावी लागतात.

पाळक चांगला नसेल तर

हा प्रश्न फार जुना आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमी सम्राट डायोक्लेशनच्या छळात काही धर्मपुढाऱ्यांनी पवित्र शास्त्राच्या प्रती सरकारच्या हवाली केल्या. छळ संपल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या एका मोठ्या गटाने, ज्यांना पुढे डोनाटिस्ट म्हटले गेले, अशी भूमिका घेतली की त्या डागाळलेल्या हातांनी दिलेले संस्कार निष्फळ आहेत आणि शुद्ध मंडळी ती आमचीच. तिथल्याच हिप्पो शहराचा बिशप ऑगस्टीन याने त्यांना दिलेल्या उत्तराचा गाभा असा की बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ख्रिस्ताचे आहे, देणाऱ्याच्या चारित्र्यावर ते अवलंबून नाही, आणि कापणीपर्यंत शेतात गहू आणि निदण (तण) एकत्रच राहणार. या वादात पुढे राज्यसत्तेचा बडगा वापरला गेला आणि ऑगस्टीननेही त्याला पाठिंबा दिला. ते मला पटत नाही. पण मूळ मुद्दा आपल्या उपयोगाचा आहे. पाळकांचा उपदेश रटाळ असला, त्यांचा स्वभाव तिरसट असला, तरी भाकर आणि प्याला घेताना आपण त्यांच्या स्वभावाचे सेवन करीत नसतो.

पैसा आणि मिळकत

मुंबईत जागेला सोन्याचा भाव असल्यामुळे आपल्या मंडळ्यांमधली सर्वांत कडू भांडणे देवशास्त्रावरून होत नाहीत, ती मिळकतीवरून होतात: जुन्या मिशन कंपाउंडचा पुनर्विकास, भाडेकरू, शाळेची इमारत. इथे केवळ प्रार्थना करून स्वस्थ बसणे मला योग्य वाटत नाही. धार्मिक न्यास १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेला असेल, तर त्याच्या हिशेबांची दरवर्षी तपासणी व्हावी लागते, आणि मुंबईत धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय वरळीला आहे. मात्र तिथे पोचण्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत. वार्षिक सभेला हजर राहावे (सभेला न येता वर्षभर हिशेब मागणारे सभासद प्रत्येक मंडळीत असतात), ताळेबंदाची प्रत लेखी अर्ज देऊन मागावी, तीन-चार जणांनी मिळून विचारावे, उत्तर नाही आले तर धर्मप्रांताच्या (बिशपच्या) कार्यालयाकडे जावे. पौलाने भावाभावांच्या खटल्यांविषयी करिंथकरांना खडसावले तेव्हा त्याने त्यांना विचारले की तुमच्यात निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही काय. म्हणजे निवाडा आतच व्हावा अशी त्याची अपेक्षा होती, निवाडाच होऊ नये अशी नव्हे.

अर्पण थांबवून निषेध करणे मला कधीच पटले नाही. अर्पण थांबले की आधी झाडलोट करणाऱ्याचा पगार थांबतो, विश्वस्ताचा नव्हे. त्यापेक्षा अर्पण मोजायला बसावे. मी परत आल्यावर हेच काम मागून घेतले. उपासनेनंतर वेस्ट्रीतल्या (मंदिराला लागून असलेल्या खोलीतल्या) टेबलावर पिशवी उलटी करतात तेव्हा चार घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, पाकिटांतल्या पाचशेच्या नोटा आणि लहान मुलांच्या घामट मुठीतली नाणी एका ढिगात पडतात. दोघांनी मोजायचे, तिसऱ्याने वहीत लिहायचे, तिघांनी सह्या करायच्या. ते काम करू लागल्यावर हिशेबाविषयीच्या माझ्या निम्म्या शंका गेल्या आणि उरलेल्या निम्म्या नेमक्या झाल्या. छताच्या निधीचा प्रश्न पुढच्या वार्षिक सभेत मी आवाज न चढवता विचारू शकलो, कारण कोणत्या महिन्याची पावती नाही हे मला ठाऊक होते.

यावरून जो नियम मला सापडला तो सर्वांना सुचवतो: ज्या गोष्टीची तक्रार आहे तिच्याशी लागून असलेले एखादे हातांचे काम घ्यावे. भेटी होत नाहीत असे वाटत असेल तर महिन्यातून दोन भेटी आपण कराव्यात. प्रेषितांच्या काळात यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होते अशी कुरकूर झाली, तेव्हा प्रेषितांनी ती दाबली नाही आणि कुरकूर करणारे निघूनही गेले नाहीत. त्या कामासाठी सात माणसे निवडली गेली, आणि त्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांचे दुखत होते त्यांच्याच हातात वाढपाचे काम आले.

भाषा आणि तरुण मुले

अनेक कुटुंबे मंडळी सोडतात त्याचे कारण भांडण नसते, मुले असतात. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना “नीतिमत्त्व”, “प्रायश्चित्त”, “सार्वकालिक” हे शब्द कळत नाहीत आणि ती कंटाळतात. मुलांना ओरडून बाकावर बसवण्याने काही साधत नाही. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी इथल्या लोकांशी बोलण्यासाठी मराठी शिकून घेतली. आपल्याच घरातल्या मुलांसाठी तेवढे कष्ट आपणही घ्यावेत. रविवारच्या शाळेत कठीण शब्द दोन्ही भाषांत समजवावेत, महिन्यातून एका रविवारी शास्त्रपाठ तरुणांनी वाचावा आणि चुकला तरी कोणी मागून दुरुस्त करू नये.

याच संदर्भात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण येते. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि मंडळीच्या पाश्चात्त्य वळणावर त्यांच्याइतकी कडक टीका करणारे थोडेच झाले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा स्वतंत्र प्रयोग सुरू केला. पण परक्या चालींच्या गीतांविषयी कुरकुरत बसण्याऐवजी त्यांनी अभंग आणि भजने लिहिली, आणि आज त्यांचे एकही गीत गायले गेले नाही असा रविवार आमच्याकडे विरळा. टिळक राहिले की गेले, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. त्यांची गीते राहिली, आणि ती आपण गातो, हे मात्र खरे. आपल्या पोराला गिटार येत असेल तर त्याला त्यांपैकी एखादे गीत बसवायला सांगून पाहावे.

मतभेद असतानाही एका छताखाली राहता येते याचा दाखला आपल्या डोळ्यांसमोर आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा परंपरांच्या मंडळ्यांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केली, तेव्हा तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि विश्वास कबूल करणाऱ्यांनाच तो देणारे असे दोन्ही लोक तिच्यात आले, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या.

केव्हा राहू नये

लहान मुलांवर किंवा स्त्रियांवर लैंगिक अत्याचार झाला असेल, तर वर सांगितलेला एकांतात बोलण्याचा क्रम लागू होत नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील अशा अपराधाची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. “मंडळीचे नाव खराब होईल” असे जो म्हणेल त्याला बाजूला सारून जावे. मार खाणाऱ्या स्त्रीला क्षमेचा उपदेश करून घरी परत पाठवणाऱ्या मंडळीत तिने राहावे असे मी कधीही सांगणार नाही. येशू हाच प्रभू आहे हे जिथे शिकवणे बंद झाले, किंवा जिथे पाळकाला प्रश्न विचारणे हेच पाप ठरवले जाते, तिथूनही निघावे.

निघताना सांगून निघावे. पाळकांना भेटावे, कारण सांगावे, सभासदत्वाचे बदलीपत्र मागावे, आणि नव्या ठिकाणी जुन्या मंडळीच्या कथा सांगत बसू नये. घर बदलून बदलापूरला गेल्यामुळे जवळची मंडळी धरणे हे तर सोडून जाणेच नव्हे. दोन तास प्रवास करून थकलेली म्हातारी माणसे जवळच्या मंडळीत गेली तर त्यांना दोष देऊ नये.

परत यायचे असेल तर

बरेच दिवस न गेलेल्या माणसाला सर्वांत मोठी भीती “इतके दिवस कुठे होतात?” या प्रश्नाची असते. त्यासाठी उत्तर तयार ठेवावे, आणि ते खरे असावे. “रागावलो होतो, आता आलो” हे पुरेसे आहे. नाताळला किंवा ईस्टरला परत येऊ नये, त्या गर्दीत परतणे मोजले जात नाही. पावसाळ्यातला एखादा साधा रविवार निवडावा. पहिल्याच दिवशी प्रभुभोजन असेल आणि कोणाविषयी मनात गाठ असेल, तर वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर हे येशूचे वचन लक्षात घेऊन त्या माणसाला आदल्या दिवशी फोन करावा.

मी फोन केला नव्हता. जुलैतल्या एका रविवारी उशिरा पोचलो आणि तिसऱ्या बाकावर बसलो, तर शेजारी नेमके तेच वयोवृद्ध गृहस्थ होते ज्यांना मी वार्षिक सभेत लागेल असे बोललो होतो. वरचा पंखा तसाच कुरकुरत होता. उपासना संपल्यावर मी त्यांची क्षमा मागायला वळलो, तेव्हा त्यांनी माझा हात धरून वर बोट दाखवले आणि म्हणाले, “ते राहू द्या. तुमच्या ओळखीचा एक वायरमन होता ना? त्याला जरा बोलवा.”